एमपीटी न्यूरो आणि न्यूरो रेसिडेन्सी: एकच वाटणाऱ्या दोन वाटा

मागच्या महिन्यात आमच्याच तालुक्यातली एक मुलगी आईला सोबत घेऊन माझ्याकडे आली. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेली, इंटर्नशिप संपत आलेली. लकव्याच्या पेशंटमध्ये तिचा जीव रमतो, हे तिच्या बोलण्यावरूनच कळत होतं. तिने विचारलं, "मॅडम, इथं एमपीटी न्यूरो करू की अमेरिकेत न्यूरो रेसिडेन्सी? दोन्ही एकच ना? तिकडची फक्त जास्त चालते." आई मधेच म्हणाली, "रेसिडेन्सी म्हंजे पोरगी तिकडंच राह्यते का मंग?"

असा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडची मुलं मला वर्षातून पाच-सात वेळा तरी हेच विचारतात. काहींनी तर एजंटकडे पैसेही भरलेले असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. एमपीटी म्हणजे फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी, आणि न्यूरो म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांची शाखा.

गोंधळ होतो तो डॉक्टरांमुळे. 'निवासी डॉक्टर' हा शब्द आपल्याला पेपरातून पाठ झालेला आहे. एमबीबीएसनंतर एमडी करणारा विद्यार्थी तीन वर्षं वॉर्डात राबतो, रात्रपाळ्या करतो आणि त्याच तीन वर्षांच्या शेवटी पदवी घेऊन बाहेर पडतो. पदवी आणि रेसिडेन्सी एकाच पोटात. तिच्या आईचा प्रश्नही चुकीचा नव्हता. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं. तिथे ऑस्लर आणि हॅल्स्टेड या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली तेव्हा शिकणारे डॉक्टर खरोखर हॉस्पिटलातच राहायचे. नाव त्यावरूनच पडलं. डॉक्टरांकडे जे एकत्र आहे ते फिजिओथेरपीत दोन वेगळ्या ठिकाणी गेलं. आपल्याकडे पदवी आली, अमेरिकेत रेसिडेन्सी आली, आणि दोन्हींच्या पुढे 'न्यूरो' लागल्यामुळे मुलांना ती एकच वाटतात.

आधी आपली एमपीटी. ही दोन वर्षांची विद्यापीठाची पदवी. महाराष्ट्रात सीईटी सेलची एमएच-पीजीपी-सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, गुणांप्रमाणे कॉलेज मिळतं. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं असेल किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाचं. आपल्या भागात त्यासाठी नागपूर किंवा वर्ध्याजवळचं सावंगी ही नावं मुलांच्या तोंडी असतात. या दोन वर्षांत सेमिनार, जर्नल क्लब, ज्युनिअर मुलांना शिकवणं, ओपीडी आणि वॉर्ड असतो, आणि या सगळ्यावर सावली धरून उभा असतो तो प्रबंध. विषय ठरवा, सिनॉप्सिस लिहा, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या, पेशंट गोळा करा, आकडे मांडा, बाइंडिंग करा. शेवटी लेखी पेपर आणि प्रॅक्टिकल. हातात जे येतं ती पदवी असते, आणि कॉलेजात शिकवायचं असेल तर तिच्याशिवाय चालत नाही.

मी स्वतः हीच पदवी घेतली आहे, आणि प्रबंधाला नावं ठेवणार नाही. एखादा शोधनिबंध हातात घेऊन त्यात कुठे पाणी मुरतंय हे बघायला मला त्यानेच शिकवलं. दुसरं वर्ष मात्र पेशंटपेक्षा एक्सेलच्या शीटमध्ये जास्त गेलं, हेही खरं.

आता रेसिडेन्सी. अमेरिकेतच शिकून फिजिकल थेरपिस्ट, म्हणजे आपला फिजिओ, व्हायचं तर डीपीटी ही फिजिओथेरपीची डॉक्टरेट पदवी करावी लागते. बहुतेक मुलं आधी कॉलेजची पदवी घेतात आणि मग साधारण तीन वर्षं डीपीटीला देतात. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, एनपीटीई. ती पास झाल्यावर त्या त्या राज्याचा परवाना. इथपर्यंत आलेला माणूस पूर्ण थेरपिस्ट असतो आणि दुसऱ्याच दिवसापासून लकव्याचे पेशंट बघू शकतो. रेसिडेन्सी त्याच्या नंतर येते, आणि ती सक्तीची नाही. डॉक्टरांची रेसिडेन्सी टाळता येत नाही, फिजिओची घेतली नाही तरी कोणाचं काही अडत नाही. ज्याला एकाच विषयात खोल जायचं आहे तो ती स्वतःहून घेतो. बहुतेक ठिकाणी साधारण वर्षभर चालते, आणि शेवटी मिळतं ते प्रमाणपत्र. पदवी नाही.

मग तिच्यात एवढं आहे काय? तिथे रेसिडेन्सींना मान्यता देणारं मंडळ आहे, एबीपीटीआरएफई. त्याच्या अटी वाचल्या तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. रेसिडेंटने किमान १५०० तास पेशंटवर काम करायचं, ३०० तास शिकण्याला द्यायचे. आणि १५० तास एकास एक मार्गदर्शन, म्हणजे एक रेसिडेंट आणि एक अनुभवी थेरपिस्ट. त्या १५० पैकी किमान १०० तास प्रत्यक्ष पेशंटसमोर हवेत, तेही पेशंट रेसिडेंटच्या हातात असताना. म्हणजे गुरू करून दाखवतोय आणि शिष्य बघतोय असं नाही. शिष्य करतोय आणि गुरू बघतोय. मार्गदर्शन हा तिथे कोणाचा मोठेपणा नाही, मान्यतेची अट आहे. तास भरले नाहीत तर रेसिडेन्सी पूर्ण होत नाही.

हे १०० तास का महत्त्वाचे, ते माझ्या एका पेशंटवरून सांगते.

एमपीटीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक काका होते, साठीच्या आसपासचे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि डावी बाजू गेली. आठ दिवस मी त्यांच्या डाव्या पायावर मेहनत घेत होते. कंबर उचलायला लावायची, बसल्यावरचा तोल, उभं करून डाव्या पायावर वजन द्यायचं. पायात जोर येत होता. तरी काका चालायला लागले की डावीकडच्या दाराच्या चौकटीला धडकायचे. मी पुन्हा पायाच्याच मागे. एक दिवस दुसऱ्या विभागातल्या एक सीनिअर मॅडम जेवणाच्या वेळी वॉर्डातून जात होत्या, त्या थांबल्या. काकांच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाय सोड. ताट बघ."

ताटात उजवीकडची भाजी आणि भाकरी संपली होती. डावीकडचं वरण तसंच होतं, बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. आणि काका बायकोला सांगत होते, "वाढलंच नाई तू वरण."

डोळे चांगले होते, पण डावी बाजू त्यांच्या मेंदूच्या हिशेबातच नव्हती. मॅडमनी एका कागदावर चांदण्या काढल्या आणि सगळ्यांवर काट मारायला सांगितलं. काकांनी उजव्या अर्ध्या कागदावरच्या चांदण्या काटल्या आणि पेन खाली ठेवलं. झालं म्हणाले. त्या दिवसापासून बायकोला त्यांच्या डाव्या बाजूला बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या डावीकडे, बोलणंही डावीकडूनच. पायाच्या व्यायामाला अर्थ आला तो त्यानंतर.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहूनही आले होते. पण पेशंट समोर असताना मला दिसलं नाही, कारण माझं लक्ष पायावर होतं आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. माझ्या गाइडवर राग नाही. त्यांच्याकडे ओपीडी, लेक्चर, परीक्षा आणि आम्ही सगळेच. पण दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली ती पंधरा मिनिटं केवळ योगायोगाची होती. मॅडम दुसऱ्या जिन्याने गेल्या असत्या तर मी आणखी आठ दिवस पायच बघत राहिले असते. रेसिडेन्सीत हाच योगायोग वेळापत्रकात लिहिलेला असतो. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हा आहे, बाकीचे फरक याच्या मागून येतात.

मागून येणारे फरकही माहीत हवेत, कारण पैसे त्यांच्यावरच बुडतात. रेसिडेन्सी झाली की एनसीएसच्या परीक्षेला बसता येतं, म्हणजे न्यूरोचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ होण्याच्या परीक्षेला. रेसिडेन्सी न करताही बसता येतं, पण त्यासाठी या विषयातले पेशंट बघितल्याचे २००० तास दाखवावे लागतात. पगाराचं म्हणाल तर रेसिडेंटला बहुतेक ठिकाणी पगार मिळतो, नेहमीच्या थेरपिस्टपेक्षा कमी. एमपीटीत उलट आपणच फी भरतो.

आणि ज्यावर मुलं सगळ्यात जास्त फसतात ते म्हणजे क्रम. अमेरिकेतली रेसिडेन्सी हा अमेरिकेत शिरण्याचा दरवाजा नाही. ती आतल्या खोलीत आहे. आपल्या बीपीटीवाल्याला आधी आपल्या शिक्षणाची तिथल्या निकषांवर तपासणी करून घ्यावी लागते. कमी पडणारे विषय भरून काढायचे, इंग्रजीची परीक्षा, मग एनपीटीई, मग परवाना, आणि त्यानंतर रेसिडेन्सीचा अर्ज. एमपीटी न्यूरो झालेली असली तरी ती परवान्याच्या जागी चालत नाही. कोणी तुम्हाला "बीपीटीनंतर थेट अमेरिकन रेसिडेन्सी" सांगत असेल तर त्याला एवढंच विचारा, परवाना कोणत्या टप्प्यावर मिळतो? आपल्याकडच्या चार दिवसांच्या वर्कशॉपलाही हल्ली मोठमोठी नावं लागतात. तिथेही विचारा, मी पेशंटला हात लावलेला असताना माझ्या बाजूला कोण उभं राहील आणि किती तास?

रेसिडेन्सीचं मी इतकं कौतुक केलं, तरी तिथलं सगळं उचलून इथे लागू होत नाही. अमेरिकेत पुनर्वसनाच्या हॉस्पिटलात दाखल झालेल्या पेशंटला साधारणपणे दिवसाला तीन तास थेरपी, आठवड्यातून पाच दिवस, हे मोजमाप धरतात. रेसिडेंटचे १५०० तास बऱ्याचदा अशा वातावरणात भरतात. आमचा पेशंट झटक्यानंतर आठवड्याभरात घरी बाजेवर असतो. मुलगा त्याला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढतो आणि महिन्याभरात खांदा उतरलेला, दुखरा होऊन माझ्याकडे येतो. एसटीचं तिकीट, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, आणि त्यात वखरणी किंवा वेचणी आली की पेशंट दोन महिने गायब. इथे मला तीन तास मिळत नाहीत. आठवड्यातून पाऊण तास मिळाला तरी खूप. त्या पाऊण तासात मुलाला बगलेखाली आधार देऊन उठवायला शिकवायचं की हातावर काम करायचं, हे ठरवणं हेच आमचं कौशल्य. ते कोणत्याही अभ्यासक्रमात मला सापडलं नाही, तिकडच्याही आणि इकडच्याही.

आणि गरज थोडी नाही. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली, तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं, साधारण सातातला एक मृत्यू त्याचा. हे गेलेल्यांचं झालं. जे वाचतात ते ओट्यावर बसून असतात, आणि त्यांना उभं करायला तालुक्याच्या ठिकाणी न्यूरो शिकलेला माणूस सापडणं कठीण.

त्या मुलीला मी काय सांगितलं? शिकवायचं असेल, विदर्भातच राहायचं असेल तर एमपीटी कर. पण कॉलेज निवडताना इमारत आणि मशिनी बघू नको. वॉर्डात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार की गाइड आठवड्यातून किती वेळ तुमच्या पेशंटजवळ उभे राहतात. अमेरिकेत जायचं असेल तर आधी परवान्याचं बघ, रेसिडेन्सीचं नाव त्यानंतर काढ. आणि कॉलेज मिळेपर्यंत बाजाराच्या दिवशी माझ्याकडे ये.

ती येते. सध्या तिच्या हातात एक पन्नाशीच्या मावशी आहेत, उजवा हात गेलेला. दोरी ओढणं, चेंडू दाबणं याला मावशी कंटाळल्या होत्या, म्हणून मुलीने घरून फुटलेली बोंडं आणली. बोंडातून कापूस वेचायचा तर अंगठा आणि दोन बोटं एकत्र यावी लागतात, मनगट वळावं लागतं आणि दुसऱ्या हाताने फांदी धरावी लागते. मावशींनी हे चाळीस वर्षं केलेलं. पहिल्या दिवशी बोंड सरकून खाली पडत होतं. मी मागे स्टुलावर बसले होते. मुलगी मावशींची बोटं धरून मिटवून देत होती. मी म्हटलं, "बोटं सोड. कोपर टेकवायला दे." कोपराखाली उशी आली, खांद्याची ओढाताण थांबली आणि तिसऱ्या बोंडाला कापूस निघाला. मावशींनी तो पदरात ठेवला.

पेशंट गेल्यावर आम्ही दोघी दहा मिनिटं बसतो. तिने काय बघितलं, काय सुटलं, पुढच्या वेळी काय करायचं. एका दोनशे पानी वहीत ती तारीख आणि वेळ लिहून ठेवते. आतापर्यंत अकरा तास झालेत.