गाण्यावर चालणारं नाताळचं लायटिंग आणि मिलिसेकंदांचा हिशोब

आमच्या नेरूळच्या रो-हाउसच्या गल्लीत डिसेंबर लागला की पहिली जाग येते ती शेजारच्या आंटींच्या गेटला. आंटी मूळच्या वसईच्या, त्यामुळे व्हरांड्यात येशूजन्माचा गोठा मांडायला घेतात, गेटवर मोठी चांदणी लागते, कुस्वारचा, म्हणजे नाताळच्या फराळाचा, वास गल्लीभर येतो आणि रेलिंगवर ती बाजारातली लायटिंगची माळ, जी आपल्याच मनाने उघडझाप करत असते. मागच्या वर्षी त्यांचा नववीतला नातू माझ्याकडे आला आणि म्हणाला, काका, ही माळ गाण्यावर चालवता येईल का, म्हणजे ढोलकीवर थाप पडली की त्याच क्षणी दिवा लागला पाहिजे. गाणंही ठरलेलं होतं, त्यांच्या ओळखीतल्या मुलांनी घरीच रेकॉर्ड केलेलं मराठी नाताळगीत, ढोलकी आणि हार्मोनियमवर. मी लगेच हो म्हटलं. दिवे एका रविवारी बसले, पुढचे चार आठवडे वेळ जुळवण्यात गेले, आणि त्या चार आठवड्यांत जे कळलं ते मला फार आवडलं म्हणून हे सगळं लिहितोय.

नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावायची कल्पना तशी जुनी, १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी ८० लाल, पांढरे, निळे बल्ब घरातल्या झाडावर लावले आणि ते झाड गोल फिरायचंसुद्धा. गाण्यावर घर उजळवण्याचं वेड मात्र जगभर पसरलं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कार्सन विल्यम्स नावाच्या इंजिनिअरमुळे, त्यांच्या घराचा व्हिडिओ २००५ मध्ये इंटरनेटवर तुफान फिरला. त्यांच्याकडे १६ हजार दिवे होते पण चॅनेल होते ८८, म्हणजे हजारो दिवे ८८ गटांत वाटलेले आणि एक गट एकदमच लागणार किंवा मंद होणार. आज आमच्या रेलिंगवर फक्त ३०० दिवे आहेत, पण प्रत्येक दिव्याचा लाल, हिरवा, निळा वेगळा सांभाळता येतो, म्हणजे चॅनेल झाले ९००!

हे शक्य झालं कारण आताच्या पिक्सेल पट्टीतल्या प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची छोटी चिप असते. आम्ही वापरली ती डब्ल्यूएस२८१२बी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तीनच वायरी असतात, दोन करंटच्या आणि एक निरोपाची, मग तीनशे जणांना वेगवेगळा निरोप एकाच वायरीतून कसा जातो? पंगत आठवा. वाढपी एका टोकाला पत्रावळींचा गठ्ठा देतो, पहिला माणूस वरची एक स्वतःसाठी ठेवतो आणि बाकीचा गठ्ठा पुढे सरकवतो, दुसराही तेच करतो. इथे एक पत्रावळ म्हणजे २४ बिट, लाल-हिरव्या-निळ्यासाठी प्रत्येकी ८. पहिला एलईडी आलेले पहिले २४ बिट ठेवून घेतो, उरलेले पुढे पाठवतो. प्रत्येक बिटला १.२५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद आणि तीनशे दिव्यांची पंगत ९ मिलिसेकंदांत वाढून होते. एकाच वायरीवर हजार दिवे जोडले तर हेच ३० मिलिसेकंद होतात आणि मग सेकंदाला ३३ पेक्षा जास्त चित्रं पाठवताच येत नाहीत, त्यामुळे मोठं डेकोरेशन करणारे लोक दिवे तीन-चार वायरींवर वाटून टाकतात.

करंटचं थोडक्यात सांगतो, पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक दिवा पूर्ण पांढरा लावला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ३०० दिव्यांना ५ व्होल्टवर १८ अँपिअर, ९० वॅट. मोबाइलच्या चार्जरचं हे काम नाही, चांगला एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज ५ व्होल्टवर आणणारा डबा, लागतो आणि जाड वायर लागते. आम्ही पहिल्यांदा पट्टीला एकाच टोकाने सप्लाय दिला तर सुरुवातीला पांढरा दिसणारा उजेड शेवटाकडे गुलाबी-पिवळट झाला. पट्टीतलं तांबं पातळ असतं, पुढे जाता जाता व्होल्टेज पडत जातं, लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात पण हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात, त्यामुळे उपासमार होते ती आधी निळ्या-हिरव्याची आणि लाल मागे उरतो. दोन्ही टोकांना सप्लाय दिला, ब्राइटनेस पाव केला, प्रश्न मिटला. एवढ्यावर रोज तीन तास असं पंधरा दिवस चालवलं तरी एक-सव्वा युनिट वीज लागते. एसएमपीएस मात्र घराच्या आत, कोरड्या जागी ठेवा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, कारण रेलिंग लोखंडी असते, पहाटे दव पडतं आणि लहान मुलं हात लावणारच.

ब्राइटनेसवरून आठवलं, आपला डोळा उजेड सरळ हिशोबात मोजत नाही. चिपला ० ते २५५ मधला आकडा द्यायचा असतो, १२८ दिला तर उजेड खरोखर निम्मा होतो पण डोळ्याला तो पाऊणच्या जवळपास वाटतो. त्यामुळे हार्मोनियमचा सूर हळूहळू विरतोय आणि दिवाही तसाच विझावा म्हणून आकडा सरळ उतरवत नेला तर बराच वेळ काहीच बदलल्यासारखं वाटत नाही आणि शेवटी एकदम अंधार. अर्धा वाटावा असा उजेड हवा तर आकडा द्यावा लागतो ५६ च्या आसपास. याला गॅमा करेक्शन म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये एक टिक असते, ती लावली आणि सूर विरताना दिवा खरंच विरायला लागला.

आता गाण्याकडे. पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच आमचाही होता, की एक माइक लावायचा, आवाज ऐकून दिवे आपोआप चालतील. ईएसपी३२ नावाचा काही शे रुपयांचा छोटा बोर्ड हे करू शकतो. मिसळीचा घास घेतला की जीभ फरसाण, कट, कांदा वेगवेगळे ओळखते ना, तसं आवाजाच्या मिश्रणातून खर्ज किती, मधले सूर किती, तार किती हे वेगळं काढण्याचं गणित १८०७ मध्ये फुरिए यांनी मांडलं आणि ते कॉम्प्युटरवर झटपट करायची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली, तिलाच एफएफटी म्हणतात. पण त्यात एक अडचण मुळातच आहे. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि त्यातल्या १,०२४ नमुन्यांचा एक तुकडा तपासला तर तो २३ मिलिसेकंदांचा असतो आणि त्यातून सूर ओळखता येतात ते ४३ हर्ट्झच्या पायरीने. पायरी बारीक हवी असेल तर जास्त वेळ ऐकावं लागतं, आणि जास्त वेळ ऐकलं की दिवा उशिरा लागतो. तंबोरा लावणाऱ्याला विचारा, सूर नीट जुळलाय की नाही हे एका क्षणात कळत नाही, तार जरा वाजू द्यावी लागते.

शिवाय आमच्या गाण्यात हार्मोनियम सतत भरलेली, त्यामुळे मधल्या सुरांना जोडलेले दिवे लागले की लागलेलेच राहायचे. गल्लीत रिक्षाचा हॉर्न वाजला किंवा कोणाच्या कुकरची शिट्टी झाली तरी तार सुरांना जोडलेली वरची चांदणी पेटायची. आणि माइकला पुढे काय येणार ते माहीतच नसतं, तो फक्त होऊन गेलेलं सांगतो. कडवं संपतंय, आता क्षणभर शांतता येईल आणि मग सगळे मिळून ध्रुवपद उचलणार, हे गाणं ऐकणाऱ्या माणसाला आधीच कळलेलं असतं आणि त्या वाट बघण्यातच तर मजा असते. म्हणून माइक काढून टाकला.

त्याऐवजी गाणं आधी बसून बांधायचं ठरलं. एक्सलाइट्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात गाण्याची लहर दिसते आणि खाली प्रत्येक दिव्याची पट्टी. सेकंदाला ४० फ्रेम, म्हणजे सगळ्या दिव्यांची ४० चित्रं, एक फ्रेम २५ मिलिसेकंदांची. तीन मिनिटांच्या गाण्याचे ७,२०० फ्रेम गुणिले ९०० चॅनेल, म्हणजे जवळपास ६५ लाख आकडे. ते हाताने भरत नाही आपण, ठेक्याच्या खुणा करून त्यावर इफेक्ट टाकतो. नातू गाणं ऐकत कीबोर्डवर ठेका धरायचा. त्याच्या बहुतेक खुणा थापेच्या किंचित आधी पडत होत्या आणि यात त्याची काही चूक नाही, ठेका धरताना माणूस बीटची वाट बघत नाही, अंदाजाने थोडा आधीच टॅप करतो, मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखी टिकटिक करणाऱ्या यंत्रावर, प्रयोग केले तेव्हाही वीस-पन्नास मिलिसेकंदांचा हा फरक सापडलेला आहे. मग लहरीत जिथे थापेचं टोक दिसतं तिथे एकेक खूण सरकवून बसवली. डोळ्यांना त्रास झाला पण दुसरा मार्ग नाही.

गाणं केहरव्यात होतं, आठ मात्रांचा, एक मात्रा ३०० मिलिसेकंद म्हणजे बरोब्बर १२ फ्रेम. सुरुवातीला आम्ही प्रत्येक मात्रेला सगळी भिंत उजळवली आणि ते बघवेना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखत होतं, आणि फिट येण्याचा त्रास असलेल्या काही लोकांना असा उजेड धोक्याचा ठरू शकतो, वेबसाइट बनवणाऱ्यांच्या नियमातही सेकंदाला तीन ही मर्यादा दिलेली आहे. आपल्या घरासमोरून कोण जाणार हे आपल्याला माहीत नसतं, तेव्हा ही मर्यादा पाळाच. मग आम्ही तालाकडेच वळलो. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, सगळी रेलिंग, मधल्या मात्रांना फक्त खालची ओळ मंद, आणि पाचव्या मात्रेला, जिथे तालाची ‘खाली’, म्हणजे बिनवजनाची मात्रा असते, तिथे अंधार. तो अंधार टाकला आणि लायटिंग गाऊ लागलं, मी खरंच सांगतो. तबलजी खालीला डग्गा उचलतो आणि त्यामुळे समेला वजन येतं, दिव्यांचंही तेच आहे.

एवढं होऊन गेटबाहेर उभं राहिलो तर काहीतरी गडबड होती. थाप ऐकू येण्याआधीच दिवा लागून जात होता. लॅपटॉप गाणं वाजवत होता आणि त्याच वेळी वायफायने बोर्डाला फ्रेम पाठवत होता, म्हणजे दोन्ही एकदम निघत होते, मग उशीर कुठे? मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ काढला, एक पांढरा दिवा आणि त्याच क्षणी एक टिक असा नमुना चालवून, आणि फ्रेम मोजल्या. दिवा लागल्यापासून टिक ऐकू येईपर्यंत १३ फ्रेम, एक फ्रेम १७ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ २२० मिलिसेकंद. कारण निघाला ब्लूटूथ स्पीकर. ब्लूटूथ आवाज दाबून लहान करतो, तुकड्यांनी पाठवतो, पलीकडे थोडा साठवून मग वाजवतो, आणि या सगळ्यात एवढा वेळ जातो. ऑक्सची साधी वायर लावली आणि तो उशीर गेला.

तरीही रस्त्यापलीकडे उभ्या माणसाला आवाज उशिराच येणार होता, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. आमच्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वरच्या स्टँडमध्ये बसलात तर बॉल बॅटवरून निघालेला आधी दिसतो आणि टक् आवाज नंतर येतो, तेच हे. गेटजवळ ३ मीटरवर ९ मिलिसेकंद, कोपऱ्यावर ३४ मीटरवर १०० मिलिसेकंद. अमेरिकेत यावर तोडगा म्हणून लोक छोटा एफएम ट्रान्समीटर लावतात आणि बघणारे गाडीत रेडिओवर गाणं ऐकतात, आपल्याकडे परवान्याशिवाय एफएमवर प्रसारण करता येत नाही, त्यामुळे तो विचार नको.

मला वाटलं मधलं अंतर धरू, २० मीटर, आणि दिवे ५८ मिलिसेकंद उशिरा लावू, म्हणजे सगळ्यांना सारखं. पण कान आणि डोळ्यांचा व्यवहार असा समान नाही. टीव्हीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दिलेले आकडे बघा, आवाज चित्राच्या मागे राहिला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत आपल्या लक्षात येत नाही, पण आवाज पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकायला लागतं. निसर्गात विजेच्या आधी गडगडाट कधी होत नाही, बहुतेक म्हणूनच मेंदूला उशिरा आलेल्या आवाजाची सवय आहे आणि आधी आलेल्याची नाही. आता हिशोब करा, दिवे ५८ ने मागे ठेवले तर गेटजवळच्या माणसाला आवाज दिव्याच्या ४९ मिलिसेकंद आधी येणार, म्हणजे सगळ्यात जवळून बघणाऱ्याचंच बिघडणार. उलट दिवे पहिल्या रांगेला जुळवले तर कोपऱ्यावरच्या माणसाला आवाज साधारण ९० मिलिसेकंद मागून येतो आणि ते १२५ च्या आत बसतं, त्याला काही कळतही नाही. पहिल्या रांगेत कोण होतं तर गल्लीतली पोरं, फुटपाथच्या कडेला बसलेली. आकडा त्यांच्यासाठी ठेवला, १० मिलिसेकंद.

रात्री दहाला स्पीकर बंद करायचा हे आधीच ठरलं होतं, निवासी भागात त्यानंतर लाउडस्पीकर लावायचा नसतो आणि समोरच्या घरात बारावीची मुलगी होती. पहिल्या दिवशी आवाज बंद करून दिवे तसेच चालू ठेवले तर आंटी बाहेर येऊन म्हणाल्या, हे काय बिघडलं का रे, वेड्यासारखं लागतंय-विझतंय. बरोबर होतं त्यांचं, ठेका ऐकू येत नसेल तर तो अंधार नुसताच अंधार असतो. दुसऱ्या दिवशी नातवाने दहानंतरसाठी वेगळा प्रोग्राम बांधला, त्यात एकच पिवळा उजेड गोठ्यापासून निघून रेलिंगवरून चांदणीपर्यंत जातो, जायला ८ सेकंद घेतो, आणि तिथेच थांबतो.