रात्रशाळा

दिवसा नोकरी किंवा मोलमजुरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी भरणारी मान्यताप्राप्त माध्यमिक शाळा. मुंबईत ‘नाइट स्कूल’ किंवा ‘नाइट हायस्कूल’ हीच नावे जास्त चालतात. प्रौढ साक्षरता वर्ग आणि रात्रशाळा यांची पुष्कळदा गल्लत होते, पण रात्रशाळेत इयत्तावार वर्ग असतात, हजेरीपट असतो आणि शेवटी राज्य मंडळाची दहावीची परीक्षा असते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणाऱ्याला मंडळाचे हेच प्रमाणपत्र मिळते, मात्र रोजचा वर्ग आणि अडले तर विचारायला सर किंवा बाई त्याला मिळत नाहीत. रात्रशाळेचे मोल तिथे आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे मुंबईत प्रार्थना समाजाने कामगारांसाठी असे वर्ग चालवले. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीग या समाजसेवी संस्थेने वाचनालयांच्या जोडीने रात्रशाळांनाही हात घातला. परळ-लालबागच्या गिरणगावात या शाळांना खरी गर्दी मिळाली. पहिली पाळी करणारा पोरगा दुपारी सुटून संध्याकाळी वर्गात येई. दुसरी पाळी लागली की त्याची शाळा बुडे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि बाकांवरची माणसे बदलली. आता तिथे हॉटेलातले वेटर, गॅरेजमधले मदतनीस, कुरिअर पोचवणारे, घरकाम करणाऱ्या मुली दिसतात. लग्नामुळे शाळा सुटलेल्या आणि मुले मोठी झाल्यावर परत आलेल्या बायकाही असतात. एकाच वर्गात सोळा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतल्या मावशी शेजारी बसतात, आणि गणित अडले की ते एकमेकांची वही ओढतात.

शाळा साधारण साडेसहाच्या सुमारास भरते आणि नऊ-साडेनऊला सुटते. मुख्यतः आठवी ते दहावीचे वर्ग चालतात. पाठ्यपुस्तके तीच, प्रश्नपत्रिकाही तीच: गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर आणि वर २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन, उत्तीर्ण व्हायला ३५. वेळ मात्र दिवसाच्या शाळेच्या निम्म्याच्या आसपास. त्यात घरी अभ्यास होईल हे धरून चालता येत नाही, कारण अनेकांचे घर म्हणजे पाच-सहा जणांची भाड्याची खोली किंवा हॉटेलचा पोटमाळा. इंग्रजी आणि गणित हे दोन विषय सर्वांत जड जातात. चार-पाच वर्षांच्या खंडानंतर आलेल्याला अपूर्णांकापासून सुरुवात करावी लागते. ही मागची उजळणी कोणत्याही वेळापत्रकात नसते, तरी चांगले शिक्षक आधी तीच करून घेतात.

बहुतेक रात्रशाळांना स्वतःची इमारत नसते. महापालिकेच्या किंवा दिवसाच्या खाजगी शाळेच्या खोल्या त्यांना संध्याकाळपुरत्या मिळतात. प्रयोगशाळेला कुलूप, ग्रंथालयाला कुलूप, आणि बाक कधी पहिली-दुसरीच्या मुलांचे, ज्यात मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. म्हणून दिवसाच्या शाळेत जे पूरक मानले जाते, ते इथे पायाभूत ठरते. त्यात पहिली गोष्ट खाणे. विद्यार्थी कामावरून थेट येतो, शेवटचे जेवण दुपारचे असते, आणि सातच्या तासाला डोळे मिटू लागतात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असल्याने नववी-दहावीला तो लागू होत नाही. निकिता केतकर यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘मासूम’ या संस्थेने मुंबईतल्या रात्रशाळांमध्ये हीच दुखरी जागा ओळखली. संध्याकाळचा अल्पाहार, वह्या-पुस्तके, शाळेच्या दारात येणारी फिरती प्रयोगशाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अशी मदत ती पुरवते.

दुसरा आधार शिक्षकांचा. दिवसा एका शाळेत शिकवून रात्री इथे येणारे शिक्षक ही या शाळांची जुनी रीत होती. मे २०१७ च्या शासन निर्णयाने अशी दुबार नोकरी बंद झाली आणि अनेक शाळांना अनुभवी माणसांवर एकदम पाणी सोडावे लागले. पूर्णवेळ शिक्षकाची मागणी रास्तच होती. पण आधी नवा माणूस द्यायला हवा होता आणि मग जुना काढायचा. समुपदेशकाचे वेगळे पद बहुधा नसते. विद्यार्थी आठवडाभर आला नाही तर वर्गशिक्षकच फोन करतात, प्रसंगी मालकाला भेटून ‘याला सहाला सोडा’ अशी विनवणी करतात. गळती थांबवण्याचा याहून परिणामकारक उपाय अजून सापडलेला नाही.

फेब्रुवारी-मार्चचे दिवस सर्वांत कठीण. वर्षभर रात्री शिकलेल्यांची बोर्डाची परीक्षा दिवसाच असते; पेपर सकाळी अकराला सुरू होतो. प्रत्येक पेपरला रजा हवी, आणि रोजंदारीवर असलेल्याची तितक्या दिवसांची मजुरी बुडते. काही मुख्याध्यापक वेळापत्रक लागताच शाळेच्या शिक्क्यानिशी मालकांच्या नावे पत्र देतात. एखाद-दुसरा विषय राहिला तर जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, किंवा ‘एटीकेटी’वर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीचा प्रवेश. काही ठिकाणी, उदाहरणार्थ पुण्याच्या पूना नाइट हायस्कूलमध्ये, कनिष्ठ महाविद्यालयही त्याच आवारात रात्रीच भरते, त्यामुळे नोकरी न सोडता बारावीपर्यंत जाता येते.