गजकर्णाची ट्यूब मागण्याआधी एवढं वाचा

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलवर रोज कुणीतरी म्हणतं, "मागच्या वेळची ती लवकर खाज थांबवणारी ट्यूब द्या." ती आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. राग मानू नका, कारण समजून घ्या.

गजकर्ण, म्हणजे नायटा, रक्त खराब झाल्यानं होत नाही. ती बुरशी आहे. जांघेत, काखेत, कमरेला घाम साचतो तिथं ती वाढते. गोल चट्टा, कड लाल आणि खवल्यांची, मधली कातडी बरी वाटणारी. करदोड्याखाली तर ती हमखास दडून बसते, म्हणून बरं होईपर्यंत करदोडा काढूनच ठेवा.

लवकर आराम देणाऱ्या बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. नावाखालचा बारीक मजकूर वाचा: क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन. खाज दोन-तीन दिवसांत थांबते, पण बुरशी मरत नाही. उलट त्या जागेची लढण्याची ताकद दबते आणि चट्टा पसरत जातो. त्याचं रूपही इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं जड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन पडलेले व्रण कायमचे राहतात. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

चट्टा लहान असेल तर साधं क्लोट्रिमाझोल मलम पुरतं. दिवसातून २ वेळा, कोरड्या कातडीवर, कडेच्या बाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावा. साधारण २ ते ४ आठवडे लागतात. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढं आणखी १-२ आठवडे लावा. लोक नेमके इथंच सोडतात आणि महिन्यात परत येतात.

चट्टे बरेच असतील, लेकराच्या डोक्यात असेल (तिथं नुसतं मलम चालत नाही), शुगर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. काही गोळ्या यकृताला आणि हृदयाच्या रुग्णांना जड जातात, आणि हल्ली काही बुरशी टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधालाही दाद देत नाही.

घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांचा इलाज एकदमच करा. टॉवेल वेगळा ठेवा. टँकरच्या दिवसांत सगळे कपडे धुणं होत नाही, हे आम्हालाही कळतं. निदान आतले कपडे आणि टॉवेल तरी गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवा. वासराच्या डोळ्याभोवती राखाडी चट्टे असतील तर तेही जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, ते माणसाला लागतं.

डॉक्टरांकडे किंवा आमच्याकडे येताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, सोबत आणा.