मांजर सोडून देण्याआधी
(घरी किडनी बदललेलं, किमो चालू असलेलं किंवा एचआयव्हीबाधित माणूस असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"बाबांची किडनी बदललीय, आता हिला कायमची तुमच्याकडेच ठेवा," म्हणत कुणी ना कुणी पिंजरा घेऊन दुकानात येतं. आमचं बोर्डिंग आहे, ठेवून घेण्यात आमचा फायदाच. तरी आधी हे वाचा.

भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. धडधाकट माणसाला तो शिरलेला बहुधा कळतही नाही, पण मग मेंदूत नि स्नायूंत आयुष्यभर दडून बसतो. प्रतिकारशक्ती ढासळली की तोच जुना पाहुणा जागा होतो. म्हणजे पुष्कळदा दोष आजच्या मांजराचा नसतोच. जुना संसर्ग रक्ततपासणीत कळतो. गरज असेल तर डॉक्टर आधीच गोळ्या सुरू करतात. ताप, न थांबणारी डोकेदुखी, झटके, बोलण्यात गोंधळ, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नवा संसर्ग मात्र टाळता येतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण १ ते ३ आठवडे त्याच्या शीतून परजीवीचे कोश पडतात, पुढे सहसा नाही. हे कोश ताजे असताना लागण करत नाहीत, पिकायला त्यांना १ ते ५ दिवस लागतात. सगळी मेख इथे आहे: लिटरचा ट्रे रोज साफ करा, एक दिवसही चुकवू नका, आणि ते काम आजारी माणसाकडे न देता घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. ट्रेवर कढत पाणी ओता. ब्लीचिंगला हे कोश दाद देत नाहीत.

मांजराला कच्चं मटण-चिकन घालू नका, बाहेर शिकारीला सोडू नका. कोरडं खाद्य खपावं म्हणून हे सांगत नाही, घरचं शिजवलेलं चिकनही चालतं. रस्त्यावरचं पिल्लू मात्र सध्या आणू नका, कितीही गोड असलं तरी.

मांजराला कुरवाळण्यापेक्षा अर्धकच्चं मटण आणि माती यांचा धोका जास्त. कच्च्या खिम्यात मीठ बरोबर पडलंय का हे चाखून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. गच्चीवरच्या कुंड्यांत शेजारपाजारची मांजरं घाण करतातच, तिथे हातमोजे घाला. कोथिंबीर, मुळा नीट धुऊन घ्या.

आणि घरात मांजर आहे हे डॉक्टरांना न विचारताच सांगा.