एकेरी > की दुहेरी >> : फायलींची यादी साठवताना

फोल्डरमधल्या फायलींची नावं पडद्यावर न दाखवता एखाद्या फाइलमध्ये उतरवायची असतील, तर आज्ञेनंतर > किंवा >> द्यायचं आणि पुढे त्या फाइलचं नाव. लिनक्स आणि मॅकवर एलएस > यादी, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयआर /बी > यादी. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.) डीआयआरला /बी जोडलं नाही तर तारखा, आकार, ड्राइव्हचं नाव असं सगळंच फाइलमध्ये येतं. एलएस मात्र पडद्यावर रकाने पाडत असली तरी फाइलमध्ये आपणहून एका ओळीला एकच नाव लिहिते.

फाइल आधीपासून नसेल तर दोन्ही चिन्हं ती नवी तयार करतात. त्यामुळे पहिल्यांदा करून पाहिलं की दोन्ही सारखीच वाटतात, आणि घोळ इथेच सुरू होतो. त्याच नावाची फाइल असेल तर >> नवा मजकूर तिच्या शेवटी जोडतं. > जुना मजकूर पुसून नव्याने लिहितं. विचारत नाही, इशारा देत नाही, आणि पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

पुसलं कधी जातं हे नीट समजून घ्या. शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आधी फाइल उघडून रिकामी करतं, आज्ञा त्यानंतर चालते. म्हणून एलएसऐवजी चुकून एलएसएस टाइप झालं, तर आज्ञा सापडत नाही, पण यादी तेवढ्यात शून्य बाइटची झालेली असते. सॉर्ट यादी > यादी यानेही हाती रिकामी फाइलच लागते, कारण सॉर्ट वाचायला जाईपर्यंत आत काही उरलेलंच नसतं. तिथे लिनक्स आणि मॅकवर सॉर्ट -ओ यादी यादी असं लिहावं. याच क्रमामुळे एलएस > यादी केल्यावर यादीत ‘यादी’ हे नावही दिसतं. ते नको असेल तर फाइल एक पायरी वर ठेवा: एलएस > ../यादी.

मग नेहमी >> च वापरावं का? नाही. रोज तीच आज्ञा >> ने चालवली तर तीच नावं पुन्हा पुन्हा साठतात आणि आज फोल्डरमध्ये नेमकं काय आहे ते कळेनासं होतं. आजची स्थिती हवी असेल तर >, इतिहास हवा असेल तर >>. आणि इतिहास ठेवताना प्रत्येक वेळी आधी डेट >> यादी (कमांड प्रॉम्प्टमध्ये डेट /टी >> यादी) चालवा, म्हणजे कुठली नावं कधीची ते कळेल.

बॅश या लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये सेट -ओ नोक्लॉबर दिलं की > आधीपासून असलेल्या फाइलवर लिहायला नकार देतं. खरंच पुसायचं असेल तेव्हा >| द्यायचं. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं आमचं ठाम मत आहे.

चुकांचे संदेश दोन्ही चिन्हांतून निसटतात आणि पडद्यावरच राहतात. तेही फाइलमध्ये हवे असतील तर एलएस > यादी 2>&1. क्रम उलटा करून एलएस 2>&1 > यादी लिहिलं तर संदेश पुन्हा पडद्यावरच येतात.

फायलींची नावं मराठीत असतील तर कमांड प्रॉम्प्टमधून साठवलेल्या यादीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. आधी सीएचसीपी 65001 चालवा. विंडोजचंच दुसरं शेल असलेल्या विंडोज पॉवरशेल 5.1 मध्ये दोन्ही चिन्हं यूटीएफ-16 मध्ये लिहितात (यूटीएफ-16 आणि यूटीएफ-8 ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धती). नोटपॅडमध्ये यूटीएफ-8 म्हणून साठवलेल्या यादीला तिथून >> ने ओळी जोडल्या, तर एकाच फाइलमध्ये दोन एन्कोडिंग मिसळून खालचा भाग वाचता येत नाही. तिथे >> ऐवजी | आउट-फाइल यादी -अपेंड -एन्कोडिंग यूटीएफ8 वापरा (आज्ञेत यूटीएफ8 मध्ये जोडरेघ नसते). पॉवरशेल 7 मूळातच यूटीएफ-8 मध्ये लिहितं.