मीटर बारा दाखवतो, मग वायरलेस का बंद पडतो?

1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी उठली की ससून डॉकपासून वर्सोवा-मढपर्यंत वायरमन मंडळींना उसंत नसते. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या बोटीचा जीपीएस लागत नाही, मासे शोधायचा फिशफाइंडर मध्येच विझतो. सगळ्यात चक्रावणारी तक्रार वायरलेसची: 'ऐकू सगळं येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद.' मग कुणीतरी सेटमागची तार सोडवून तिच्या टोकांना मल्टिमीटर लावतो. आकडा येतो 12.6 व्होल्ट, भरलेल्या बॅटरीएवढा. तो बोटीच्या प्रमुखाला, तांडेलाला सांगतो, 'करंट फुल आहे तांडेल, मशीनच गेलंय.'

मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. तो 12.6 चा आकडाही खोटा नसतो. प्रश्न वेगळाच विचारला गेलेला असतो.

चाळीतला नळ आठवा. पाइप आतून गंजून बोटभर भोकाचा करंगळीएवढा झाला असला, तरी तोटी बंद असेपर्यंत तिच्यामागचा दाब पूर्ण असतो. तोटी उघडली की धार बारीक. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे धार. मल्टिमीटर ही जवळजवळ बंद तोटीच आहे. त्याचा स्वतःचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण 10 मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. 12.6 व्होल्टवर त्यातून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर वाहतो. वाटेत 1000 ओहमचा सडका जोड असला तरी त्यावर फक्त सव्वा मिलिव्होल्ट खर्च होतो आणि मीटर निमूटपणे 12.60 दाखवतो. हजार ओहमच्या जोडातून वायरलेस सोडा, त्याच्या पडद्यामागचा दिवाही धड लागणार नाही.

आता खराखुरा भार, म्हणजे वीज ओढणारं यंत्र घ्या. 25 वॉटचा व्हीएचएफ सेट, म्हणजे आपला वायरलेस, ऐकताना अर्धा अँपिअरही घेत नाही, बोलताना मात्र पाचेक अँपिअर ओढतो. समजा, पॉझिटिव्ह तारेच्या एका जोडाचा रोध 0.6 ओहम झालाय. जॉर्ज ओहमने 1827 मध्ये मांडलेला शाळेतला नियम लावा: व्होल्टची घट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. ऐकताना 0.4 गुणिले 0.6, म्हणजे पाव व्होल्टची घट. सेटला पत्ताही लागत नाही. बटण दाबलं की 5 गुणिले 0.6, तीन व्होल्ट गायब. सेटच्या वाट्याला उरतात 9.6, आणि 13.8 व्होल्टसाठी बनवलेला सेट तिथे मान टाकतो. बटण सोडलं की धार कमी, दाब परत पूर्ण, सेट पुन्हा चालू. भुताटकी वाटावी असा हा प्रकार, पण गणित चौथीतल्या गुणाकाराचं आहे.

ते तीन व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. 3 गुणिले 5, म्हणजे 15 वॉट, एका बोराएवढ्या जोडात. छोटी सोल्डरिंग इस्त्री 25 वॉटची असते! जोडावरची काळी टेप मऊ पडून ओघळलेली दिसते ती यामुळे. आणि फ्यूज इथे वाचवत नाही, कारण प्रवाह तर पाचच अँपिअर आहे. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल.

जोड सडतो कसा, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. बारीक धाग्यांच्या तारेत खारं पाणी केशाकर्षणाने आवरणाच्या आत चढत जातं. बाहेरून तार नवीकोरी, आत तांबं काळं किंवा हिरवट भुकटी झालेलं. त्यात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह टोकांमध्ये ओलाव्याचा पातळ थर असला की विद्युत अपघटन सुरू होतं आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं झिजायला लागतं. म्हणून पॉझिटिव्ह टोक बहुधा आधी हिरवं होतं.

बॅटरीच्या पेटीला लिंबू-मिरची बांधलेली असली तर निदान टर्मिनलपासून लांब बांधा. लिंबाचा रस आम्ल आहे, वीज वाहून नेतो. नारळी पौर्णिमेच्या नारळाबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो समुद्रात जातो. त्याहून मोठी फसगत म्हणजे '12 चे 13.8 करून देणारी' डबी. सेटला बोलताना 13.8 व्होल्टवर 5 अँपिअर, म्हणजे 69 वॉट हवेत. 12.6 व्होल्टच्या बॅटरीतून 0.6 ओहमच्या जोडापलीकडे जास्तीत जास्त किती वॉट पोचतील? व्होल्टचा वर्ग भागिले रोधाची चौपट: 66. डबी कितीही महाग घ्या, नसलेले तीन वॉट ती आणणार कुठून? उलट दाब पडला की वॉट भरून काढायला ती जास्त प्रवाह ओढते, तेवढी घट वाढते, घट वाढली की आणखी ओढते, आणि जोड आणखी तापतो.

तेव्हा मोजायचं ते हरवलेले व्होल्ट, तेही भार चालू असताना. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं सेटच्या पॉझिटिव्हवर, आणि खलाशाला बोलायचं बटण दाबून धरायला सांगा, अर्थात अँटेना जोडलेली असताना. आकडा शून्याच्या जवळ हवा. जाता-येता दोन्ही तारा मिळून बाराच्या 3 टक्के, म्हणजे 0.36 व्होल्टपर्यंत चालेल. जास्त आला तर सेटकडचं टोक जोडामागून जोड बॅटरीकडे सरकवत या. ज्या जोडावरून ओलांडताना आकडा धपकन पडेल, तोच चोर. मग हेच निगेटिव्ह बाजूला. ही बाजू हमखास राहून जाते, आणि वायरमनचा अर्धा दिवस तिथेच जातो.

जोड चांगले असूनही घट दिसली तर तार बारीक आहे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला सुमारे 12 मिलिओहम. केबिन बॅटरीपासून 10 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 20 मीटर, पाच अँपिअरला सव्वा व्होल्ट गेला. सहा चौरस मिलिमीटरची ओढली तर घट 0.36 च्या आत राहते. कल्हईची, म्हणजे धाग्याधाग्यावर कथिलाचा मुलामा असलेली तार मिळाली तर तीच घ्या, आणि टोकाला पिळा मारून टेप गुंडाळण्याऐवजी लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, दाबून वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी चढवा. जुनी तार ठेवायची असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत टोक कापत जा. कधी कधी ते हातभर आत गेल्यावर लागतं. एवढं कापून तार आखूड पडली, तर मध्ये तुकडा जोडू नका, अख्खी नवी ओढा.