पार्श्वभूमी : नवनाझी गटांतून बाहेर पडलेले आणि त्यांच्यावरचा संशय

अतिउजव्या गटातून बाहेर पडून पुढे त्याच गटांच्या विरोधात काम करणाऱ्या व्यक्तीला जर्मनीत 'आउसश्टायगर' म्हणतात. शब्दशः अर्थ 'गाडीतून उतरणारा'. मराठीत याला चपखल प्रतिशब्द नाही. 'आत्मसमर्पण केलेला' म्हटले तर शासनापुढे शस्त्र ठेवणारा डोळ्यांपुढे येतो आणि 'माफीचा साक्षीदार' म्हटले तर न्यायालयाशी झालेला व्यवहार सूचित होतो. आउसश्टायगर होण्यासाठी यांपैकी काहीच आवश्यक नसते. तरीही हे दोन्ही अर्थ त्या शब्दाला जर्मनीतच चिकटले आणि ते कसे चिकटले हे पाहिल्याशिवाय, हे लोक खरोखर बाहेर पडले की शासनाचेच हस्तक आहेत, हा त्यांच्याभोवतीचा वाद उलगडत नाही.

या आउसश्टायगरांमधील सर्वांत परिचित चेहरा पूर्व बर्लिनचा होता. कम्युनिस्ट पत्रकाराचा हा मुलगा बर्लिनच्या भिंतीविरुद्ध घोषणा दिल्यामुळे तुरुंगात गेला आणि तेथे त्याची जुन्या-नव्या नाझींशी गाठ पडली. ज्या राज्याने त्याला शिक्षा केली, ते त्या भिंतीलाच 'फॅसिस्टविरोधी संरक्षक तट' म्हणत असे. अशा राज्यात नवनाझी आहेत, हीच त्या राज्याची मोठी नामुष्की होती. 17 ऑक्टोबर 1987 रोजी पूर्व बर्लिनच्या एका चर्चमधील संगीत कार्यक्रमावर डोके भादरलेल्या अतिउजव्या 'स्किनहेड' तरुणांनी हल्ला केला, तेव्हा जवळ असलेले पोलीस मध्ये पडले नाहीत आणि पुढे खटला चालला तो गुंडगिरीच्या आरोपाखाली. या टोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याचे म्हणणे वरिष्ठांना पचले नाही. हा अधिकारी पुढे पुन्हा येतो.

1990 मध्ये बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागातील ताब्यात घेतलेल्या एका घरातून तो तुरुंगात गेलेला तरुण स्वतःची नवनाझी संघटना चालवू लागला. नोव्हेंबर 1992 मध्ये उत्तर जर्मनीतील म्योल्न येथे तुर्की कुटुंबांची घरे पेटवण्यात आली आणि त्यात एक स्त्री व दोन मुली जळून गेल्या. त्यानंतर काही महिन्यांत तो बाहेर पडला आणि त्याने आपली कहाणी प्रसिद्ध केली. जुन्या सोबत्यांच्या लेखी तो गद्दार ठरला. त्याच्या आईच्या घरी स्फोटकांचे पार्सल पाठवण्यात आले. 2000 मध्ये त्याच माजी पोलीस अधिकाऱ्यासोबत त्याने बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना मदत करणारी संस्था उभी केली. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये असे प्रयत्न 1997-98 पासून चालू होते.

खरा गुंता 2001 मध्ये सुरू झाला. संघराज्याच्या गुप्तवार्ता खात्याने त्या वर्षी स्वतःचा, असाच कार्यक्रम सुरू केला. हेच खाते नवनाझी गटांत पगारी खबरे ठेवत होते. खबऱ्याला जर्मनीत 'फाउ-मान' म्हणतात. त्याची उपयुक्तता तो आत राहण्यात असते, तर आउसश्टायगरचे सगळे आयुष्य तो बाहेर पडण्यावर अवलंबून असते. दोन्ही कामे एकाच छपराखाली आली, तेव्हा बाहेर पडलेल्या प्रत्येकाकडे 'हा नक्की कोणाचा?' या प्रश्नासह पाहिले जाऊ लागले. फॅसिस्टविरोधी गटांतही हा प्रश्न उघडपणे विचारला गेला, आणि तो अन्यायाचा असला तरी निराधार नव्हता.

18 मार्च 2003 रोजी संघराज्याच्या घटना न्यायालयाने एका अतिउजव्या पक्षावर बंदी घालण्याची प्रक्रिया थांबवली, आणि हा निर्णय आजही वादग्रस्त आहे. पक्षाच्या नेतृत्वातच सरकारी खबरे असतील, तर पक्षाची म्हणून जी विधाने पुरावा म्हणून मांडली गेली, ती खरोखर पक्षाची की खबऱ्यांची, हे कसे ठरवायचे, असा पेच होता. सातपैकी चार न्यायाधीशांना प्रक्रिया पुढे चालावी असे वाटत होते. तिघांना खबऱ्यांची उपस्थिती हा अडसर वाटला आणि आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत न मिळाल्याने प्रकरण तेथेच संपले. पक्षाची बाजू न्यायालयाने उचलून धरली, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही, कारण पक्षाच्या विचारसरणीवर निर्णय झालाच नव्हता. तो झाला 2017 मध्ये, दुसऱ्या प्रक्रियेत, आणि त्यासाठी पक्षाच्या नेतृत्वातील खबरे आधी बंद करावे लागले. पक्षाची उद्दिष्टे राज्यघटनेविरुद्ध आहेत, मात्र ती गाठण्याचे बळ त्याच्यात नाही, असे सांगून न्यायालयाने बंदी नाकारली.

नोव्हेंबर 2011 मध्ये एका भूमिगत नवनाझी टोळीने दहा खून केल्याचे उघड झाले. ती ज्या थुरिंगियातील वर्तुळातून निघाली, तेथील एक म्होरक्या अनेक वर्षे पगारी खबऱ्या होता. त्याला एकूण सुमारे 2 लाख मार्क मिळाले आणि त्यातील पैसा आपण नवनाझी चळवळीत घातल्याचे त्याने स्वतःच सांगितले होते. ज्यांनी पैसे न घेता, ओळखी तोडून, पत्ते बदलून त्या जगातून काढता पाय घेतला, त्यांना या माणसाच्या पंक्तीत बसवले जाणे ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत कडवट गोष्ट आहे.

2000 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आपले काम खात्यापासून वेगळे ठेवले. ऑगस्ट 2011 मध्ये गेरा येथील एका नवनाझी संगीत महोत्सवात तिने 250 टी-शर्ट फुकट वाटले. पहिल्या धुण्यात वरची छपाई निघून जाई आणि खाली 'टी-शर्टला जमते ते तुलाही जमेल' अशा आशयाचा संदेश दिसे. नोव्हेंबर 2014 मध्ये वुन्झीडेल या बव्हेरियातील गावी, जेथे 2011 पर्यंत हिटलरच्या उपनेत्याची कबर होती, तेथील नवनाझींच्या वार्षिक मोर्चाच्या प्रत्येक मीटरमागे स्थानिक देणगीदारांनी 10 युरो देऊ केले. मोर्चेकरी चालत राहिले, 10,000 युरो जमले आणि ती सर्व रक्कम बाहेर पडणाऱ्यांना मदत करणाऱ्या या संस्थेकडे गेली.